माळ्यावरचं बिऱ्हाड

जुन्या गाद्या खाली टाकायला म्हणून मार्येता शिडी चढली, माळ्यात डोकावली आणि आवाज न करता तशीच खाली उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"काय गं?" बोगोमिरने विचारलं.

"बाबा, हळू बोला. वर कोणीतरी आहे."

बोगोमिर सकाळपासून कुणाशी धड बोलला नव्हता. रोग नावाच्या डोंगरावरच्या जंगलातली ही शिकारीची लाकडी झोपडी त्याच्या वडिलांनी बांधलेली. जमीन मात्र वनखात्याची. करार संपला होता आणि उद्या माणसं येऊन झोपडी मोडणार होती. म्हणून आज तो, त्याचा धाकटा भाऊ त्स्वेतो आणि मुलगी मार्येता सामान न्यायला आले होते. म्हातारा बोगोमिर बाकावर बसून हरणाची शिंगं कागदात गुंडाळत होता, पुन्हा सोडत होता. त्स्वेतो लोखंडी शेगडीच्या धुराड्याचा पाइप सोडवायला झटत होता.

"खार असेल," त्स्वेतो म्हणाला. "झाडू दे इकडे."

"काका, कानांवर काळे झुपके खारीलाही असतात. पण खार कुत्र्याएवढी नसते."

त्स्वेतोचा हात धुराड्यावरच राहिला. बोगोमिरने शिंगं खाली ठेवली.

"लिंक्स?" त्याने विचारलं.

"आई आहे. पोटाशी तीन पिल्लं."

बोगोमिरने आयुष्यभर बर्फात या मोठ्या रानमांजरीची पावलं पाहिली होती. तिने अर्धवट खाल्लेली हरणं पाहिली होती. ती स्वतः कधी दिसली नव्हती. त्स्वेतोला मात्र एकदा दिसली होती, रस्ता ओलांडताना, आणि दर नाताळला तो ती गोष्ट घरात सगळे उठून जाईपर्यंत सांगायचा.

"मी वर जाणार," बोगोमिर म्हणाला.

"बाबा, तुमचे गुडघे."

"गुडघे राहू देत खाली."

त्याने बूट काढले. त्स्वेतोने शिडी धरली, मार्येताने मागून पाठीला हात लावला. म्हातारा एकेक पायरी चढत गेला. त्याचं डोकं माळ्याच्या भोकातून वर गेलं आणि तो थांबला.

फळीच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती. तिच्या उजेडात लिंक्स गादीवर आडवी पडली होती, राखाडी-पिवळी, ठिपक्याठिपक्यांची. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ओठ वर ओढला, फिस्कारली. पण उठली नाही. एक पिल्लू तिच्या मानेवर चढू पाहत होतं. घसरलं, पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं.

"काय करतेय?" त्स्वेतो खालून कुजबुजला. "दादा, अरे सांग की."

शिडीवर फक्त लोकरी मोज्यांतले दोन पाय दिसत होते.

बोगोमिर उतरला तेव्हा त्याने टोपी तोंडावर दाबून धरली होती. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माझ्या गादीवर," तो म्हणाला. "एवढ्या माळ्यात तिला माझीच गादी सापडली."

"वास आवडला असेल. वहिनीला कधी आवडला नाही तो." त्स्वेतोने शिडीवर पाय ठेवला. "सर बाजूला. आता मी."

"नाही. आता कुणीच नाही. पुन्हा माणूस दिसला तर ती पिल्लं उचलून निघेल. अजून त्यांना नीट उभं राहता येत नाही, कुठे नेईल त्यांना?"

"म्हणजे आता दर नाताळला तू मला ऐकवणार."

"मरेपर्यंत."

"पण उद्या ते मोडायला येणारेत," मार्येता म्हणाली.

मग बोगोमिरने बूट चढवले, नाडी न बांधताच तो बाहेर पडला आणि मागच्या खडकावर चढला. फोन फक्त तिथेच लागायचा. वनपाल वालेंटिनशी तो काय बोलला ते खाली ऐकू आलं नाही. हातवारे तेवढे दिसत होते. परतला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"पिल्लं आपण होऊन बाहेर पडेपर्यंत झोपडीला कुणी हात लावणार नाही. हा सगळा उतार बंद करतोय तो."

"कुणासाठी बंद?" त्स्वेतोने विचारलं.

"सगळ्यांसाठी. आपणही त्यातच आलो. आत्ताच निघायचं."

"आणि शेगडी?"

"राहू दे."

त्स्वेतोने उसासा टाकला. मग सोडवलेला पाइप, तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसा, परत जागेवर बसवला. शिंगं राहिली, कप राहिले, वडिलांचा भिंतीवरचा फोटो राहिला. मार्येताने दार हलकेच लोटलं.

गाडी सुरू करायची नाही असं त्यांनी न बोलताच ठरवलं. मार्येता स्टिअरिंगवर बसली आणि दोघे म्हातारे मागून ढकलू लागले. गाडीने उतार धरला तसे ते तिच्यामागे पळत सुटले, एकमेकांना ओढत कसेबसे आत चढले. दुसऱ्या वळणानंतर मार्येताने इंजिन सुरू केलं, आणि मग तिघांच्याही हसण्याला आवर राहिला नाही. सगळे एकदम बोलत होते. बोगोमिर लिंक्सचे कान दोन्ही हातांनी करून दाखवत होता. त्स्वेतो म्हणत होता, फिस्कारलेलं मीही ऐकलंय, तेवढं तरी माझ्या नावावर ठेव.

झऱ्यापाशी रस्ता डांबरी होतो. तिथे बोगोमिर एकाएकी म्हणाला, "थांबव."

मार्येताने ब्रेक लावला. म्हाताऱ्याने कोटाच्या खिशातून प्लमच्या दारूची छोटी बाटली काढली. झोपडीचा निरोप घेताना उंबऱ्यावर ओतायला आणली होती. बूच तसंच होतं.

"निरोप घ्यायचाच राहिला," तो म्हणाला.

"परत जायचं का, बाबा?"

त्याने काच खाली करून वर डोंगराकडे पाहिलं. झाडांच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "घरात बाळंतीण आहे."