देजाची म्हैस

छप्पन साली भैरूनं लेकीचं देज म्हणून जावयाकडून दुभती म्हैस घेतली, तेव्हा "बयानं बापाचे पांग फेडले," असं सारा धनगरवाडा म्हणाला होता.

दोन वर्षांनी पाठीवर वळ घेऊन बयाबाई पोलादपुराहून डोंगर चढून माहेरी आली. "बा, मी आता सासरी जायची नाय," म्हणाली.

लेक ठेवून घ्यायची तर देज परत करायचं, हा रिवाज. भैरूचे डोळे भरले. तो गोठ्यात गेला, दाव्याची गाठ सोडली, म्हशीच्या पोटावरून हात फिरवला आणि गाठ पुन्हा बांधली.

"गाभण हाय गो. गाभण जनावर दारातनं घालवू नये, पाप लागतं."



आपल्यालाही चौथा महिना लागलाय, हे न सांगताच बयाबाई डोंगर उतरू लागली.