नुसता आवाज

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बाजारात मारिविक जुन्या व्हिडिओ कॅसेटी फाइलीत उतरवून द्यायची. तिने विचारलं, "आजी, चित्रासकट हवं की नुसता आवाज?"

"नुसता आवाज. डोळे गेलेत माझे," पासिंग आजी म्हणाल्या. "हे जेवताना कधी बोलायचे नाहीत, पण चमचा तरी वाजेल."

कॅसेटमध्ये त्यांचे वारलेले यजमान एकटेच भात खात होते. सबंध कॅसेटभर त्यांचे ओठ बोलण्यासाठी एकदाही हलले नव्हते. मारिविकने एमपीथ्री निवडलं आणि फाइल तयार झाल्यावर स्पीकरवर लावली.

चमचा वाजला. मग एक म्हातारा आवाज म्हणाला, "ये गं, जेवायला बस."

इथे जेवणारा माणूस समोरच्याला बोलावतोच, आणि उत्तर न देणं उद्धटपणाचं. मारिविकच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "असू दे आजोबा, पोट भरलंय."

आजींनी तिचे हात घट्ट धरले. "फार उपकार झाले, पोरी. मला वाटायचं, मला एकटीलाच ऐकू येतं."

मारिविकने फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली.

"ये गं, जेवायला बस."

"असू दे आजोबा, पोट भरलंय." हा तिचाच आवाज होता, फाइलीतला.

खुर्ची सरकली. "मग नुसती बस, मारिविक."