कफीलचे पिवळे

"चषक कोण नेणार, पिवळे की पांढरे?" कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाने, कॅसेट व्हिडिओत सारत विचारलं. "बरोबर सांगेल त्याचा पासपोर्ट आजच त्याच्या हातात, जायच्या परवानगीसकट. मी स्वतः पिवळ्यांचा."

दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा तो अंतिम सामना हुसेनमियाँने आधीच पाहिला होता. सकाळी हा व्हिडिओ त्यानेच दुरुस्त केला होता आणि दुरुस्ती झाली की कॅसेट शेवटपर्यंत चालवून बघायची, हा त्याचा शिरस्ता. इक्वेडोरचे पिवळे मान खाली घालून गेले होते. चषक नेला होता पॅराग्वेच्या पांढऱ्यांनी.

सौदीतल्या हफ्र अल बातिनपासून सरहद्द फार लांब नाही, आणि पलीकडे कुवेतमध्ये इराकी सैन्य बसलेलं. दापोलीहून बायको शरफुन्निसाचा एकच धोशा होता, नोकरी गेली खड्ड्यात, तुम्ही जिवंत घरी या. पासपोर्ट मात्र कफीलच्या कपाटात. आता नुसतं "पांढरे" म्हणायचं होतं.

पण हुसेनमियाँ नावाचाच इलेक्ट्रिशियन. मर्जी राखणं ही त्याची खरी कारागिरी. कफीलने उंटाला बकरी म्हटलं, तर हा दूध काढायला भांडं घेऊन हजर. कॅम्पातल्या भिकू सुताराला तो रोज हेच शिकवायचा. "भिकू, कफीलला नाय म्हनू नको. नाय म्हननाऱ्याची रोटी सुटते."

कफीलने आधी शेजारी बसलेल्या भिकूकडे बोट केलं.

"पांढरे," भिकू म्हणाला. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

हुसेनमियाँने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. एवढं शिकवून या गाढवाला मालकाची बाजूसुद्धा धरता येईना.

"आणि तू, हुसेन?"

शब्द जिभेवर आला होता. पण कफील त्याच्याकडे बघून हसला, आणि हुसेनमियाँची मान सवयीने आपसूक डोलली.

"पिवळेच, शेख. तुमचा संघ हरेल कसा?"

कफील खूश झाला तर पासपोर्ट काय, तिकीटही काढून देईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मग समोर बसून सगळा सामना पुन्हा पाहिला. पिवळे या खेपेला तरी जिंकतील, अशी वेडी आशाही केली.

पांढऱ्यांनी चषक उचलला. कफीलने कपाट उघडलं आणि भिकूच्या हातात पासपोर्ट ठेवला. भिकू तो उलटसुलट करून बघत राहिला.

हुसेनमियाँला राहवेना. "शेख, पांढरे जिंकणार हे मला ठाऊक होतं. सकाळीच बघितलं होतं. तुमचं मन मोडू नये म्हणून पिवळे म्हटलं. मलाही जाऊ द्या."

कफीलने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बघितलंस हे मलाही ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं. लढाई तोंडावर आली आहे, हुसेन. मी चुकतोय हे माहीत असूनही मला बरोबर म्हणणारा माणूस अशा वेळी कोणी सोडतो का?"