दहा दिवसांचं मौन

२००८ साली माझी धाकटी बहीण शालन कानात येणाऱ्या आवाजांशी भांडायची. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं, “डोळे उघडे ठेवून श्वासाकडे बघ. आवाजांना उत्तर देऊ नकोस. दहाच मिनिटं.” महिन्याभरात ती पुन्हा हसू लागली.

मला हाव सुटली. दहा मिनिटांत एवढं, तर दहा दिवसांत किती? ध्यानाच्या दहा दिवसांच्या मौनशिबिरात तिचं नाव घातलं आणि अर्जात मी तिचा आजार लपवला.

“ताई, तिथे मी कुणाशी बोलू?” तिने फाटकाशी विचारलं.

“दहा दिवस गप्प बसलीस तर आभाळ कोसळणार नाही, वेडाबाई.”

चौथ्या दिवशी शिबिरातून फोन आला. ती जेवत नव्हती, आवाजांना मोठ्याने उत्तरं देत होती.

मी तिला घरी आणलं, पण आवाज गेले नाहीत. पुढे काही वर्षांनी डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या. शालन माझ्याकडेच राहिली, गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत माझ्या हातचा घास ती आधी आवाजांना विचारूनच खायची.