गच्चीवरचं ऊन

वच्छलाबाई पाच जिने चढून गच्चीवर पोचल्या, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कडेवर वाटलेल्या मूगडाळीनं भरलेला पितळी गंज होता आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"अवं बाई, पायी आल्या?" गोपिका म्हणाली. "लिफ्ट बंद होती का?"

"लिफ्टले काय झालं? मले सवय आहे चढायची," वच्छलाबाई धापा टाकत म्हणाल्या. मनात म्हणाल्या, तुझ्या लिफ्टचा उपकार घ्यायला मी काही लंगडी नाही.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत सीताबर्डीत दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती आणि उन्हाळ्याच्या मुंगवड्या एकाच अंगणात पडायच्या. मग गोपिकाच्या नवऱ्यानं जागा बिल्डरला दिली. तिथं ही पाच मजली बिल्डिंग उठली. खाली साड्यांची दुकानं, मधे ऑफिसं, वर राहायचे फ्लॅट. गोपिकाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि वच्छलाबाईंना काय मिळालं? सावली! बारा वाजेपर्यंत त्यांच्या अंगणात ऊन उतरत नव्हतं. गेल्या साली वड्यांना बुरशी आली. म्हणून यंदा गोपिकानं आपणहून निरोप धाडला होता, 'वहिनी, आपल्या गच्चीवर घाला.' आपल्या म्हणे! तो शब्द वच्छलाबाईंना लवंगी मिरचीसारखा झोंबला होता.

त्यात फ्लॅटमध्ये गेल्यावर चारच महिन्यांत गोपिकाच्या ताराचं लग्न जमलं. वच्छलाबाईंची लतिका ताराहून दोन वर्षांनी मोठी, कामाला वाघीण, तरी तीन स्थळं नाही म्हणून गेली. "पोरगी कुठं पाहिली त्यायनं? लिफ्ट पाहून हो म्हटलं," असं त्यांनी नवऱ्याला ऐकवलं होतं. जळत होत्या, आणि आपण जळतो हे त्यांना चांगलं ठाऊकही होतं.

गच्चीवर ओलं धोतर अंथरलेलं होतं. गोपिकाची सावनेरची मावशी, यमुताई, एका टोकाला बसून भराभर वड्या टाकत होत्या.

"मावशी, ह्या आमच्या वच्छलावहिनी," गोपिका म्हणाली आणि उठली. "बसा वहिनी, गॅसवाला आला वाट्टे. आलीच मी."

गॅससुद्धा! वच्छलाबाईंनी गंज खाली ठेवला आणि दम खायला म्हणून कठड्याशी गेल्या. खाली पाहिलं. आपलं घर त्यांनी वरून कधी पाहिलंच नव्हतं. छपराची फुटकी कवेलू, त्यांच्यावर ठेवलेलं फाटकं टायर, दोरीवर ठिगळांची गोधडी, न्हाणीला आडोसा म्हणून लावलेली मोडकी तट्टी. म्हणजे हे सगळं गोपिकाला रोज दिसतं तर. त्या मागं सरल्या आणि गुपचूप वड्या टाकायला बसल्या.

"ते खालचं कवेलूचं घर कोणाचं व्हय, बाई?" यमुताईंनी विचारलं.

वच्छलाबाईंची कानशिलं तापली. बाईला आपली मजा पाहायची आहे, असंच त्यांना वाटलं.

"कोणाचं की. भाडेकरू आहेत कोणी तरी. आज ना उद्या पाडणारच आहेत ते."

"अन् तुम्ही कुठं राहाता?"

"आम्ही? इथंच. तिसऱ्या मजल्यावर."

शब्द तोंडून निघून गेला. आणि खोटं कशाला सांगा, घडीभर वच्छलाबाईंना फार बरं वाटलं.

यमुताईंचा हात थांबला. "अरे देवा. मंग राहिलंच म्हणा."

"काय राहिलं?"

"दोन दिवस झाले, इथून पाहून राहिली मी. काय थंडगार अंगण आहे त्या घराचं! गोपीच्या खोलीत त दुपारी तव्यावर झोपल्यासारखं होते. अन् त्या घरची पोरगी पाहिली का तुम्ही? तांबडं फुटत नाही त अंगण झाडते, सडा घालते, बापाले आंघोळीचं पाणी काढून देते. अन् सारं हासत. माझा भाचा अनंत हिंगण्याच्या कारखान्यात पर्मनंट झाला, त्याले अशीच पोरगी पाहिजे. गोपीले आज विचारणारच होती, कोणाची व्हय म्हणून. पण भाडेकरूचं काय, बाई? आज इथं, उद्या आणखी कुठं."

वच्छलाबाईंच्या चिमटीतली वडी चिमटीतच राहिली.

"नाही म्हणजे, लोक चांगले आहेत ते," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "खानदानी आहेत. घरही त्यायचंच आहे, मले वाट्टे."

"तुम्ही त आत्ताच भाडेकरू म्हटलं."

"चुकलं असंन माझं."

"ओळखता काय त्यायले?"

"ओळखतो आम्ही. म्हणजे, तोंडओळख आहे."

तेवढ्यात खालून हाक आली. "आई! आई वं!"

अंगणात लतिका उभी होती. ऊन नव्हतंच तिथं, तरी डोळ्यांवर हात धरून ती वर गच्चीकडे पाहत होती.

"आई, बाबाले दुकान उघडायचं आहे! किल्ल्या तुह्याच कमरेले राहिल्या!"

वच्छलाबाईंचा हात आपसूक कमरेकडे गेला आणि जुडगा खुळखुळला. यमुताई उठल्या, कठड्यावरून खाली त्या पोरीकडे पाहिलं, मग वळून त्या जुडग्याकडे पाहिलं. पुन्हा धोतराशी येऊन बसल्या. एक वडी टाकली. दुसरी टाकली.

"जा बाई," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुमची भाडेकरीण हाका मारून राहिली."