ओला टॉवेल

उपग्रहाच्या चित्रांत धूर कुठला, धूळ कुठली हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आईचा फोन आला तेव्हा पडद्यावर माहेरच्या गावावरून तपकिरी पट्टा सरकत होता. "अगं, जळका वास येतोय." "धूळ आहे गं, कोरड्या तळ्यावरची. खिडक्या लाव, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंब आणि घरातच बस." आग दाखवणारं उष्णतेचं चित्र उघडून खात्री करायचा नियम होता, पण दरवर्षीची धूळ कशाला तपासायची? दहा मिनिटांनी पुढचं चित्र आलं. धुळीखालून वणव्याचा करडा धूर उसळला होता आणि गावाचा एकमेव रस्ता त्यात गडप झाला होता. तिने फोन लावला. "शेजारी गाड्या काढून निघालेच होते," आई कौतुकाने म्हणाली. "मी म्हटलं, माझी लेक वरून बघतेय, धूळच आहे. तुझ्या शब्दावर सगळी गल्ली थांबलीय. टॉवेल संपले, आता चादरी भिजवतोय."