सहीची जागा

ग्रामपंचायतीवर नव्यानं निवडून आलेल्या आक्काताई साक्षरता वर्गाला रोज ठरावाचा कागद घेऊन यायच्या. "बाई, ह्यो वाचायला शिकवा."

"परीक्षेत सही विचारतात. आधी ती घोटा," चारुशीलाबाई म्हणायच्या.

"शिकनार मी, आन् काय शिकायचं ते तुमी ठरवनार व्हय?"

तीन महिने सहीच घोटून घेतली.

गाव पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर करायला साहेब आले. त्यांच्यासमोरच आक्काताईंनी रजिस्टरवर ठसठशीत अंगठा उमटवला.

बाई ओरडल्या, "अहो, सही येते ना तुम्हाला!"

"येती की! पर अंगठा लावत हुते तवा ग्रामसेवक आधी कागद वाचून तरी दावायचा. सही आल्यापास्नं नुसती सहीची जागा दावतोय."